जगबुडी खरंच झाली होती का?

नोहाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. माणसांच्या दुष्टपणाला विटलेला देव, तीनशे हात लांबीचं तारू, प्राण्यांच्या जोड्या, चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस, आणि उंचातल्या उंच डोंगरांच्याही वर पंधरा हात चढलेलं पाणी. हे सगळं जसंच्या तसं घडलं आणि विज्ञानालाही ते मान्य करावं लागलं, असं सांगणारे मेसेज सतत फिरत असतात. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या असतात, म्हणूनच ते पटतात. चूक होते ती त्यांतून काढलेल्या अर्थात.

गैरसमज : तेवढं पाणी पृथ्वीवर आहे.

वातावरणातली सगळी वाफ एकदम कोसळली, तरी जगभर सरासरी अडीच सेंटिमीटर पाऊस पडेल. अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडसकट सगळा बर्फ वितळला, तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. मुंबई बुडेल, पुणे कोरडं राहील. तारू अरारातच्या डोंगरांत टेकलं असं बायबल सांगतं. आज त्या नावाने ओळखलं जाणारं शिखर ५,१३७ मीटर उंच आहे. चाळीस दिवसांत तिथवर पोचायचं तर पाणी रोज १२८ मीटर चढायला हवं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तेवढ्याने मुंबईची काय दशा झाली ते आपण पाहिलं आहे. त्याच्या सव्वाशेपटीहून जास्त पाणी, रोज, आणि तेही सगळ्या पृथ्वीवर!

यावर ‘पृथ्वीच्या पोटात महासागर सापडलाय’ हे उत्तर येतं. २०१४मध्ये ब्राझीलमधल्या एका हिऱ्यात रिंगवूडाइट नावाच्या खनिजाचा कण सापडला, त्यात पाण्याचा अंश होता, हे खरं. पण चारशे किलोमीटरहून खोल असलेलं ते पाणी खनिजाच्या स्फटिकातच बांधलेलं आहे. त्याचे झरे फुटत नाहीत.

गैरसमज : डोंगरावर शिंपले सापडतात, तोच पुरावा.

आपल्या देवघरातला शाळिग्राम हातात घेऊन पाहा. नेपाळमधल्या काळ्या गंडकीत मिळणाऱ्या या दगडावर पुष्कळदा चक्राची खूण दिसते. ती अमोनाइट या समुद्री जीवाच्या कवचाची असते. हा जीव डायनासोरांच्या काळातला. म्हणजे हिमालयात समुद्री जीव सापडतात यात शंकाच नाही. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रतळाचाच. पण पाणी डोंगरावर चढलं नव्हतं. भारताचा भूभाग आशियाला जाऊन धडकला आणि मधल्या टेथिस समुद्राचा तळ उचलला जाऊन डोंगर झाला. एकाच पुराने हे जीव आणून टाकले असते, तर सगळ्या काळांतले एकत्र कालवलेले मिळाले असते. प्रत्यक्षात थरामागून थर, ठरलेल्या क्रमाने मिळतात.

गैरसमज : उत्खननात जलप्रलय सापडला.

१९२९च्या सुमारास लिओनार्ड वूली यांना इराकमधल्या ऊर इथे गाळाचा तीन मीटरहून जाड थर लागला. वर वस्ती, खाली वस्ती, मध्ये नुसता गाळ. जगभर बातमी झाली. पण जवळच्याच एरिडूमध्ये असा थर नाही. शुरुप्पाकला आहे, पण तो इ. स. पू. २९००च्या आसपासचा, म्हणजे ऊरच्या थरापेक्षा कित्येक शतकांनी अलीकडचा. हे वेगवेगळ्या काळांतले, वेगवेगळ्या गावांचे पूर आहेत.

मला स्वतःला या कथेतला सगळ्यांत मोलाचा धागा इथेच सापडतो. तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या वसंतात, बर्फ वितळताना, शेतात पीक उभं असताना फुगतात. प्रदेश सपाट, चढून बसायला टेकडी नाही. तिथल्या माणसाला क्षितिजापर्यंत पाणीच दिसलं असेल, आणि त्याच्यापुरतं जग खरोखरच बुडालं असेल. १८७२मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी नीनवेहून आलेली एक मातीची पाटी वाचली. तिच्यावर गिल्गमेशच्या महाकाव्यातली प्रलयकथा होती : देवाची आगाऊ सूचना, नाव, डोंगरावर टेकणं, आणि जमीन उघडी पडली का ते पाहायला आधी कबुतर, मग पाकोळी, शेवटी कावळा सोडणं. या कथेची त्याहून जुनी रूपं इ. स. पू. सतराव्या शतकाच्या आसपासची आहेत, शुरुप्पाक हे तिच्या नायकाचंच गाव. नोहाची कथा याच परंपरेतून घडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

गैरसमज : प्रत्येक संस्कृतीत हीच कथा आहे.

हीच नाही. शतपथ ब्राह्मणातला मनू माशाच्या शिंगाला नाव बांधून उत्तरेच्या पर्वतावर पोचतो. तिथे देवाचा कोप नाही, प्राण्यांच्या जोड्या नाहीत. चीनमधला यू तर नावेत बसून सुटत नाही, कालवे खणून पूर उतरवतो. नदीकाठी राहणाऱ्यांना पुराच्या कथा सुचायला एकच पूर लागत नाही.

आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलवरून हिशेब करून प्रलयाचं वर्ष काढलं : इ. स. पू. २३४८. त्या सुमारास इजिप्तमध्ये राजे पिरॅमिड बांधत होते आणि हडप्पा, मोहेंजोदडो भरात होती. कुठेही खंड दिसत नाही.

जगबुडी झालीच नाही हे मत धर्मविरोधकांनी पसरवलं, हा आणखी एक गैरसमज. केंब्रिजचे भूशास्त्रज्ञ अॅडम सेजविक हे दीक्षा घेतलेले धर्मोपदेशक होते. जगभरचा गाळ आणि गोटे एकाच प्रलयाने आणले, असं तेही आधी मानत. पुरावे पाहून १८३१मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतलं. डार्विनचा ग्रंथ निघायला तेव्हा अजून अठ्ठावीस वर्षं होती.