जुनी डिझेल पिकअप घेण्याआधी तिचा सातबारा वाचा



गळीत हंगाम उतरणीला लागला, सोसायटीची वसुली वजा होऊन उसाची बिले खात्यावर पडू लागली, की गावोगावच्या हॉटेलांत जुन्या गाड्यांचे दलाल दिसू लागतात. त्यात वावगे काही नाही. त्यांचा तो धंदा आहे आणि आपल्यालाही गाडी हवीच असते. सकाळी डेअरीला दुधाचे कॅन, येताना पेंडीची पोती, दुपारी ठिबकच्या नळ्या, संध्याकाळी जनावरांना वाढे, मध्येच तालुक्याला एखादी खेप. ही कामे मोटारसायकलवर भागत नाहीत आणि प्रत्येक वेळी ट्रॅक्टर बाहेर काढणे परवडत नाही. म्हणून पिकअप, आणि नव्या गाडीचा आकडा ऐकून माणूस खालीच बसतो म्हणून जुनी. इथपर्यंत हिशेब बरोबर आहे.

पुढे मात्र बहुतेकजण मॉडेल, किलोमीटर आणि रंग या तीनच गोष्टी बघून इसार देऊन मोकळे होतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळाच विचारला पाहिजे. ही गाडी आजवर काय वाहत होती?

बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, आणि त्याहून आधी तो कुणाच्या दावणीचा हे विचारतो. गाडीचेही तसेच आहे. कोकणातून मासळी आणणारी पिकअप घ्या. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे हौद्यातून खाली चासीवर गळत राहते. वरून गाडी लखलखीत, खालून चासी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. रासायनिक खतांची वाहतूक केलेल्या गाडीचेही हेच होते. खत ओल धरते आणि पत्रा खाते. खडी, वाळू, विटा वाहिलेल्या गाडीचे इंजिन कदाचित ठीक असेल, पण कमान-पाटे, मागचा धुरा आणि क्लच यांनी आपले आयुष्य आधीच भोगलेले असते. उलट नाशिककडून रात्री भाजीपाला घेऊन मुंबईला जाणारी गाडी. तिच्या मीटरवर तीन लाख किलोमीटर दिसले की लोक तोंड फिरवतात. वास्तविक डिझेल इंजिनाला हमरस्त्यावरचे लांब, एकसारखे, गरम झाल्यानंतरचे चालणे मानवते. तेल वेळेवर बदललेले असेल तर अशी तीन लाखांची गाडी खाणीवरच्या ऐंशी हजारांच्या गाडीपेक्षा कधीही बरी. शिवाय मीटर मागे फिरवता येतो. पायाखालचे क्लच-ब्रेकचे पॅडल, गिअरची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची कड यांवरची झीज मागे फिरवता येत नाही.

तेव्हा गाडी बघायला जाताना जुने धोतर किंवा पोते बरोबर न्यावे आणि खुशाल गाडीखाली शिरावे. मालकाला राग आला तर येऊ द्या. चासीला खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो का मारला ते विचारावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बदबद आवाज आला तर तिथे गंज किंवा भरलेली लांबी आहे. वेल्डिंगची ठिगळे कुठे आहेत ते पाहावे. हौद्याच्या पत्र्यावर ठिगळ चालते, मुख्य चासीवर चालत नाही. मागच्या कमानीचे पाटे मोजावेत. दोन बाजूंचे सारखे नसतील किंवा बाहेरून जादा पाटा चढवलेला असेल, तर त्या गाडीने कागदावरच्या वजनापेक्षा बरेच जास्त ओझे वाहिले आहे हे समजावे. सव्वा टनाच्या गाडीत पन्नास किलोंची पंचवीस पोती बसली की तिची मर्यादा संपली. पण चाळीस पोती भरणारे महाभाग आपल्यातही कमी नाहीत!

इंजिन पाहायचे ते थंड असताना. सकाळी लवकर, न कळवता जाता आले तर उत्तम. बोनेटवर हात ठेवा. आधीच गरम असेल तर आपल्यासाठी ते कुणीतरी चालू करून ठेवले आहे. थंड इंजिन एका-दोन सेल्फमध्ये उठले पाहिजे. पहिला थोडा धूर चालतो, तो लगेच विरला पाहिजे. निळसर धूर थांबत नसेल तर इंजिन ऑईल जाळते आहे. दाट पांढरा धूर, त्याला गोडसर वास आणि रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होणे हे हेडच्या गॅस्केटचे लक्षण. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर येत राहिला तर इंजेक्टर, पंप, टर्बो किंवा निदान एअर फिल्टर यांपैकी कुणीतरी आजारी आहे. यानंतर इंजिन चालू ठेवून ऑईल ओतायचे झाकण उघडावे. थोडी वाफ येणे साहजिक आहे. पण तिथून इंजिन दमेकऱ्यासारखे फसफस धूर ओकत असेल तर रिंग-पिस्टन गेलेले आहेत आणि इंजिन उघडावे लागणार. त्या खर्चाचा आकडा आपल्या मेस्त्रीलाच विचारा, म्हणजे सौदा करताना काय बोलायचे ते कळेल.

मेस्त्री नेताना आपला न्यावा, दलालाने सुचवलेला नको. त्याला त्याची मजुरी द्यावी. फुकटचा सल्ला घेतला की तो चहावर आटोपतो.

रिकामी गाडी गावात एक फेरी मारून परत आणली तर काही समजत नाही. हौद्यात दहा-बारा पोती टाका आणि चढावर न्या. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडते आणि गाडी हलत नाही. गिअर आपोआप निसटतो का, मागून धुऱ्याचा घों घों आवाज येतो का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे सगळे ओझ्याखालीच कळते. टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर उन्हाळ्यात ओझ्याखाली फुटू शकतो, हे किमतीत धरावे.

आता ज्या एका गोष्टीबद्दल दलाल अवाक्षर काढत नाहीत तिच्याकडे वळू. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. अडलेली काजळी मधूनमधून जाळून टाकण्यासाठी त्या गाळणीचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत जावे लागते, आणि ते होते गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने पळाली तर. आपले रोजचे चालणे कसे? घर ते डेअरी दोन किलोमीटर, डेअरी ते मळा तीन किलोमीटर, मध्ये चार वेळा बंद-चालू. इंजिन गरम होण्याच्या आत मुक्काम आला. अशा गाडीची गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढ धरत नाही आणि शेवटी गाळणी बदलण्याचा खर्च अंगावर येतो.

यावर काही गॅरेजवाले गाळणी आतून फोडून पोकळ करून देतात. तशी गाडी घेऊ नये. ती बेकायदा आहे आणि फिटनेसच्या वेळी गोत्यात आणते. ओळखण्याची खूण सोपी आहे. गाळणी जागेवर असलेल्या गाडीच्या धुराच्या नळीत बोट फिरवले तर ते जवळपास स्वच्छ निघते. काजळीने काळे झाले तर विचारायचे ते विचारा. (इंजिन थंड असतानाच बोट घालावे, हे वेगळे सांगायला नको.)

काही बीएस-६ गाड्यांना डिझेलखेरीज युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो. आपल्या घरात युरियाची पोती पडलेली असतात, म्हणून कुणाला वाटेल की पाण्यात कालवून ओतू. असे चुकूनही करू नये. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि तो टाकीत गेला की पंप व नोझल बसलीच. बीएस-६ काय आणि बीएस-४ काय, स्वस्त बायोडिझेल म्हणून चोरून विकले जाणारे काहीबाही त्यांना पाजू नये. ज्या मालकाने ते पाजले त्याची गाडीही घेऊ नये.

मग घ्यावी कोणती? रोज पाच-दहा किलोमीटरचीच येरझार असेल तर डिझेलचा हट्टच सोडावा, पेट्रोल किंवा सीएनजीची लहान गाडी पाहावी. डिझेलच हवी असेल आणि फिरणे जवळचेच असेल तर चांगली सांभाळलेली बीएस-४ बरी. तिचा तोटाही सांगतो. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचा फिटनेस मिळतो, पुढे दरवर्षी करावा लागतो, आणि आठ वर्षांनंतर आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. २०१८ ची गाडी २०२६ मध्ये या हिशेबात आली. आठवड्यातून दोनदा तरी पन्नास-साठ किलोमीटरची खेप होणार असेल, तर मात्र बीएस-६ खुशाल घ्या. तिची गाळणी त्या खेपेत आपोआप साफ होते.

यानंतर कागद. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो, इतर हक्कांचा रकाना वाचतो. गाडीचे आरसी बुक हा तिचा सातबाराच समजावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणी, फिटनेस, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा आहे की नाही हे दिसते. थकलेले ई-चलनही पाहून घ्यावे. बोजा असेल तर बँकेचा नुसता ‘कर्ज फिटले’ असा दाखला पुरत नाही. फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बोजा उतरला पाहिजे. चासीवर आणि इंजिनवर ठोकलेले नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. परराज्यातली गाडी स्वस्त मिळते खरी, पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर, नवा नंबर हे सगळे धरले की स्वस्ताई बरीच आटते.

सर्वांत मोठा धोका कोऱ्या टीटी फॉर्मचा. मूळ मालक फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, दलाल ते दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला देतो. गाडी चार हात फिरते आणि आरसीवर नाव पहिल्याचेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते, मग त्याने गाडी विकून कितीही दिवस झालेले असोत. म्हणजे आपली जुनी गाडी विकणाऱ्या सभासदानेही डोळे उघडे ठेवायला हवेत. घेणाऱ्याचे नुकसान वेगळे. गाडी त्याच्या दारात उभी, पण विमा दुसऱ्याच्या नावाचा. गाडी चोरीला गेली किंवा जळाली तर कंपनी त्याला दारातही उभे करणार नाही. राज्यातल्या राज्यात सौदा असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा कंपनीलाही १४ दिवसांत अर्ज द्यावा. आधीच्या मालकाची नो-क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, ती त्याच्याबरोबर जाते.

लायसन्सबद्दल गावात अजून गैरसमज आहेत. साध्या हलक्या मोटारीचे लायसन्स असलेल्याला साडेसात हजार किलोंपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. परवान्याचे म्हणाल तर एकूण वजन तीन हजार किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला तो लागत नाही, त्यावर लागतो. हे वजन आरसीवर लिहिलेले असते.

आणि हौद्यात माणसे. तोडीच्या टोळीला फडावर सोडायचे, लग्नाचे वऱ्हाड न्यायचे, जत्रेला गल्ली भरून न्यायची, हे आपल्याकडे सर्रास चालते. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीच्या विम्यात मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस बसतो. फुकट बसवलेला प्रवासी त्यात बसत नाही, हे न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. वळणावर हौदा कलंडला तर दहा घरांची भरपाई गाडीमालकाच्या सातबाऱ्यावर येते. घरची माणसेही न्यायची असतील तर दुहेरी केबिनची गाडी बघा आणि तिच्या आरसीवर किती माणसांची आसने मांडली आहेत ते वाचून मगच पैसे मोजा.

सौदा ठरला तर पैसे बँकेतून द्यावेत. ताबा घेताना पावतीवर तारखेबरोबर घड्याळाची वेळही लिहावी. त्या दिवशी सकाळी त्या गाडीने कुठे काही केले असेल तर ते आपल्या माथी नको. घरी आणल्यावर विकणारा काहीही म्हणो, इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदलावेत. डिझेल फिल्टरखालच्या नळीतून साचलेले पाणी काढून टाकावे, पावसाळ्यात तर दर पंधरा दिवसांनी. जुने ऑईल काढाल तेव्हा ते स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरा. त्यात चकाकणारा चुरा दिसला तर गाडी त्याच दिवशी मेस्त्रीकडे न्या, दूध दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत घाला.