अकराव्या तासाचा मजूर
(लेखमाला : शुभवर्तमान आणि आजचा समाज — लेखांक 9)

श्रीमंत तरुण मालमत्तेचा मोह न सुटल्याने खिन्न होऊन निघून गेला, इथपर्यंत आपण मागील लेखांकात आलो होतो. तो गेल्यावर शिष्य पेत्र येशूला विचारतो की, आम्ही तर सगळे सोडून आलो, मग आम्हाला काय मिळणार? या हिशेबी प्रश्नाच्या पाठोपाठ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला येतो. एक धनी पहाटेच बाजारात जातो, दिवसाला एक दीनार असा रोज ठरवून काही मजुरांना मळ्यात धाडतो. मग सकाळी नऊच्या सुमारास, दुपारी बारा वाजता, तीन वाजता आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना तो पुन्हा पुन्हा बाजारात येतो आणि उभे असलेल्यांना कामाला लावतो. संध्याकाळी कारभारी सर्वांत शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाटू लागतो आणि प्रत्येकाच्या हातावर सारखाच एकेक दीनार ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात, तेव्हा धनी त्यांच्यातल्या एकाला समजावतो की, ठरलेला रोज तुला पुरता मिळाला. मी दुसऱ्याला हात सैल सोडून दिले, तर तुझ्या पोटात का दुखावे? एवढ्याशा गोष्टीत मजुरीविषयीचा एक प्रश्न आहे, आणि आपली अर्थव्यवस्था तो आजही टाळते. ज्याला दिवसभर कोणी कामावर घेतले नाही, त्याच्या ताटकळण्याची किंमत कोणी मोजायची? ती एकट्या मजुराने मोजू नये, असे हा दाखला सांगतो, आणि ते उत्तर व्यवहाराच्या कसोटीवरही टिकते, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप घेतला जातो तो श्रद्धावंतांकडून. हा दाखला देवाच्या कृपेचा आहे, उशिरा पश्चात्ताप करणाऱ्यालाही तारण मिळते एवढाच त्याचा अर्थ, त्यात अर्थशास्त्र शोधू नये, असे ते म्हणतात. दाखल्याच्या सुरुवातीलाच स्वर्गाच्या राज्याचा उल्लेख आहे, त्यामुळे कृपेचा अर्थ नाकारण्याचे कारण नाही. पण कृपेचे रूप म्हणून येशूने मजुरीच का निवडली, हे पाहिले पाहिजे. दीनार हा त्या काळी साध्या कष्टकऱ्याचा दिवसाचा रोज होता. इ.स. 14 मध्ये रोमन सैनिकांनी बंड केले, तेव्हा त्यांनी रोजचा एक दीनार मागितल्याची नोंद टॅसिटस या इतिहासकाराने केली आहे. म्हणजे एका दीनारात चैन होत नसे, घरची चूल पेटत असे. त्याचा बारावा हिस्सा घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या घरात मुले उपाशी झोपली असती, हे ऐकणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नव्हते. शिवाय त्यांच्यासमोर बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 24व्या अध्यायातील नियमशास्त्र होते. गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याच्या आत द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, असे ते बजावते. मजुरीचा हा रोकडा अर्थ वजा केला, तर कृपेच्या अर्थालाही आधार उरत नाही.

दाखल्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य धन्याच्या तोंडी नाही, मजुरांच्या तोंडी आहे. तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात, असे त्याने विचारल्यावर ते सांगतात की, आम्हाला कोणी कामावर घेतले नाही. ते आळशी होते, झोपून राहिले होते, असा एकही शब्द मत्तय लिहीत नाही. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील मजूर नाक्यांवर हे उत्तर आजही ऐकू येते. गवंडी, बिगारी, रंगारी, सुतार भल्या सकाळी डबा घेऊन नाक्यावर उभे राहतात. ठेकेदार किंवा घरमालक येतो, भाव ठरतो, तरणाबांड आणि ओळखीचा आधी उचलला जातो. वय झालेला, नुकताच गावाकडून आलेला, अंगाने किरकोळ असलेला मागे राहतो. स्त्रीला काम मिळाले तरी बहुधा कमी रोजावर. दुपारनंतर नाक्यावर जे उरतात, त्यांच्यात श्रम करण्याच्या इच्छेची उणीव नसते. त्या दिवशी बाजाराला त्यांची गरज नसते, एवढेच. पण गरज नसल्याचा सगळा भुर्दंड त्यांच्याच पोटावर पडतो.

दुसरा आक्षेप पहाटे आलेल्या मजुरांचा, आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. जास्त काम करणाऱ्याला जास्त दाम, हे तत्त्व न्यायाचेच आहे. बारा तास आणि एक तास यांना एकाच मापाने मोजले, तर कष्टाला किंमत काय राहिली? धन्याच्या उत्तरात दोन गोष्टी आहेत. एक, पहिल्या मजुराच्या ठरलेल्या रोजातून त्याने एक पैसाही कापलेला नाही. शेवटच्याला मिळालेले धन्याच्या खिशातून आले आहे. दुसरी, मजुरीची खालची मर्यादा माणसाच्या गरजेने ठरते, त्याच्यावरचा मोबदला कामाने ठरू शकतो. हा विचार भाबडा मानण्याचे कारण नाही, कारण भारताने तो अधिकृतपणे स्वीकारला आहे. किमान वेतनाचे विधेयक 1946 साली मजूर खात्याचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे निकष ठरवले, ते असे : एका कमावत्यामागे तीन खाणारी माणसे, माणशी 2,700 उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि इंधन व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. कामगाराने किती विटा उचलल्या, हा प्रश्न या यादीत नाही. त्याच्या घराला काय लागते, एवढाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर 1982 च्या आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवून घेणे ही घटनेने मनाई केलेली वेठबिगारीच ठरवली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दाखल्यातला धनी उदार निघाला, पण उद्या तो कंजूष निघाला तर? जे माझे आहे त्याचे मी वाटेल ते करीन, असेही तो म्हणतोच. मग शेवटच्या मजुराचे पोट धन्याच्या मर्जीवरच राहिले. दयेवर मिळालेली भाकरी आणि हक्काची भाकरी यांतला फरक महाराष्ट्रातील श्रमिक आणि दलित चळवळींनी आपल्याला पुरेसा शिकवला आहे. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते : दाखला मालकाच्या वृत्तीविषयी बोलतो, तिला कायद्याचे रूप देणे आपल्या हाती आहे. महाराष्ट्राने ते एकदा करून दाखवले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर उतरली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्याला 15 दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. आम्हाला कोणी कामावर घेतले नाही, या तक्रारीची जबाबदारी इथे प्रथमच सरकारने अंगावर घेतली. रोजगार हमी योजनेची मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर ठरे, हजेरीपटावर खोटी नावे चढल्याच्या तक्रारीही झाल्या. तेव्हा ती आदर्श होती असे म्हणता येणार नाही. पण 2005 मध्ये केंद्राने देशभर रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

या योजनेचा पैसा कुठून आला, हे तर दाखल्यावरचे जिवंत भाष्यच आहे. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला तो मुख्यत्वे रोजगार हमीसाठी. आजही नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा कापले जाणारे 200 रुपये आणि फेब्रुवारीतले 300 रुपये दिसतात. वर्षाला 2,500 रुपयांची ही कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे. म्हणजे ज्यांना पहाटेच कायमची नोकरी लागली, त्यांनी आपल्या रोजातला लहानसा वाटा नाक्यावर आणि बांधावर उरलेल्यांसाठी दिला. दाखल्यातला भार एकट्या धन्यावर होता. इथे तो पहिल्या मजुरांनीही थोडा उचलला, आणि त्यामुळे शहरातला पगारदार उपाशी पडला नाही. अशाने उद्या सकाळी लवकर कामावर येईल कोण, या नेहमीच्या शंकेलाही त्यातच उत्तर आहे. पोटापुरती हमी मिळाली म्हणून जास्त पगाराची नोकरी कोणी सोडली नाही. उलट दुष्काळात घरदार विकून शहराची वाट धरण्याची वेळ अनेकांवर आली नाही.

असे असूनही आपले कल्याणकारी कायदे पुष्कळदा पहिल्या मजुरांच्याच नजरेने लिहिले जातात. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कल्याण मंडळाकडे निधी जमवला गेला. पण नोंदणीसाठी वर्षात किमान 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. ज्याचा मालक रोज बदलतो, त्याने ते कोणाकडून आणावे? आणि ज्याला 90 दिवस कामच मिळाले नाही, त्याला तर मदतीची गरज अधिक. याला पर्याय नाही असेही नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने मजुरीबरोबर लेव्हीही माथाडी मंडळात भरायला मालकांना लावले, आणि त्यातून हमालांना भविष्य निर्वाह निधी, बोनस, औषधोपचार मिळू लागले. अण्णासाहेब पाटील आणि बाबा आढाव यांच्यासारख्यांनी संघटित केलेल्या हमालाचे नाव कोणा एका व्यापाऱ्याच्या वहीत न राहता मंडळाच्या नोंदवहीत आले. नाका कामगारासाठी अशी व्यवस्था बसवणे अवघड आहे, पण अशक्य मुळीच नाही.

म्हणून या दाखल्यावरचे प्रवचन पश्चात्तापापाशी थांबवणे अपुरे आहे. तो रविवारी वाचणाऱ्या मंडळीने सोमवारी चर्चचे, शाळेचे, सोसायटीचे बांधकाम करणाऱ्या ठेकेदाराला तीन प्रश्न विचारावेत : मजुरांना किमान वेतन मिळते का, स्त्री आणि पुरुषांचा रोज सारखा आहे का, आणि कामाच्या दिवसांचे प्रमाणपत्र तुम्ही सहीशिक्क्यानिशी देता का? ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही हे प्रश्न तितकेच लागू आहेत. उत्तर नाही असे आले, तर ठेका देणारे आपण आहोत. अट करारात घालणे आपल्याच हाती आहे.

(पुढील लेखांकात : चांगला शोमरोनी आणि रस्त्यावरचा अपघातग्रस्त)