अण्णांच्या मेंदूचा आवाज

माझे थोरले काका, अण्णा, हदगावच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. सुट्टीत आम्ही मुले मुंबईहून गेलो की पहिल्याच सकाळी पाटी पुढ्यात येई आणि कित्ता सुरू. त्याच अण्णांची पत्रे पुढे वाचवेनात. ओळीच्या आरंभी अक्षर ठीक असे, शेवटाला येईतो मुंगीएवढे होई. आम्हांला वाटले, चष्मा बदलायला हवा. चष्म्याचा दोष नव्हता. तो कंपवात होता.

औषधांनी काही वर्षे निभावले. मग हात इतका थरथरू लागला की काकू चहा बशीत न ओतता वाटीत देऊ लागल्या. अखेर २०१८ साली अण्णा मुंबईला आले आणि मेंदूवर शस्त्रक्रिया ठरली. आदल्या रात्रीपासून औषधे बंद, कारण कंप लपून चालत नाही. आणि भूल? ती फक्त डोक्याच्या कातडीपुरती. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, हे मला तेव्हाच कळले! जगातल्या साऱ्या दुखण्यांची दखल घेणारा हा गृहस्थ स्वतःच्या बाबतीत एवढा बेफिकीर असावा, ह्याची गंमत वाटते.

आत काय घडले ते अण्णांच्याच तोंडून ऐकावे. "अरे, डोक्याला लोखंडी चौकट आवळली आणि माझ्या डोक्यात रेडिओ लावला. परभणी केंद्र नीट लागत नसलं की कशी खरखर येते, तशी!"

ती खरखर म्हणजे पेशींचे बोलणे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी; प्रत्येकीची भाषा विजेच्या चिमुकल्या ठोक्यांची. केसाहूनही बारीक टोकाची तार आत सरकते, ठोके टिपते आणि यंत्र ते मोठे करून ऐकवते. तार खाली जाईल तसा आवाज बदलतो. गाठायचे केंद्र जेमतेम चवळीच्या दाण्याएवढे! तिथे पोचल्यावर डॉक्टरांनी अण्णांचे मनगट हलवले, की त्याच तालावर पेशी तडतडल्या. जागा सापडली.

आता खरी नवलाची गोष्ट. माणूस जागा आहे, बोलतो आहे आणि त्याची एकेक पेशी ऐकू येते आहे. अशी संधी संशोधकाला दुसरीकडे कुठून मिळणार? मॉन्ट्रिऑलचे डॉ. पेनफील्ड जाग्या रोग्यांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करीत, तेव्हा काहींना जुनी गाणी ऐकू येत. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी कंपवाताच्या दहा रोग्यांना अशाच शस्त्रक्रियेच्या वेळी पडद्यावर पत्त्यांचा जुगार खेळायला लावला. अनपेक्षित डाव जिंकला की काही पेशी जोराने ठोके देत. ठरल्यासारखी जीत झाली तर त्यांना तितके अप्रूप नसे. २००९ साली हे प्रसिद्ध झाले. आशा आणि अपेक्षाभंग ह्यांचा हिशेब आपल्या डोक्यात कसा चालतो, ते त्यातून दिसले.

मी हे हदगावच्या ओसरीवर वाचून दाखवले. काकू भडकल्या. "डोक्याला भोक पाडलेल्या माणसाला पत्ते खेळायला लावायचे? लाज नाही वाटत?"

मला काकूंचे म्हणणे सोडून देता येईना. ज्याच्या डोक्यात तार आहे तो डॉक्टरांना 'नाही' कसे म्हणणार? शस्त्रक्रियेची वेळही तेवढीच लांबते.

अण्णा बराच वेळ गप्प होते. शस्त्रक्रियेनंतर कंप ओसरला, पण आवाज खोल गेला आहे. त्यांच्या जवळ सरकून ऐकावे लागते. म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी खेळलो असतो. पण विचारायचं आदल्या दिवशी, चहा घेताना. टेबलावर नाही. आणि नको म्हटलं तर तोंड वाकडं करायचं नाही."

मग त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि हेच वाक्य लिहून काढले. ओळीच्या शेवटापर्यंत अक्षर एकसारखे होते. काकूंनी कागद घेतला, चष्मा लावून दोनदा पाहिला आणि 'चा' चा काना जरा वाकडा आहे म्हणाल्या.