कोण कुठून पाहतंय, हे राघूला कळतं

निपाणी भागात तंबाखूची काढणी उरकली की शिवार मोकळं होतं आणि तारांवर बसलेले वेडे राघू ठळक दिसू लागतात. चिमणीपेक्षा सडपातळ, हिरवागार पक्षी. डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, शेपटीच्या मधोमध निघालेली दोन बारीक, लांब पिसं. उडती मधमाशी तो हवेतच टिपतो, तारेवर परत येतो, तिला आपटून-घासून नांगी निकामी करतो आणि मग गिळतो. एवढं आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. घरटं मात्र फार थोड्यांना सापडतं.

उन्हाळ्याच्या सुमारास नर-मादी मिळून मातीत बीळ कोरतात. ओढ्याची दरड, रस्त्यासाठी कापलेली कड, मुरमाची खाण, कधी नुसती उतरती जमीनही चालते. बीळ मीटरभर, कधी त्याहूनही लांब असतं. आतल्या टोकाशी पांढरीशुभ्र, गोलसर अंडी. आत-बाहेर करायला तोंड एकच, त्यामुळे साप-मुंगसाला पत्ता लागला की पिल्लांची सुटका नाही. पण पिल्लं भुकेली असतात आणि आईबापांना दिवसभर खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेला पत्ता उघड होण्याची भीती. मग आत शिरायचं की थांबायचं, हे पक्षी ठरवतो तरी कशावरून?

हा प्रश्न पुण्यात मिलिंद वाटवे यांनी हाती घेतला. ते आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. विषय जंतूंचा, पण कुतूहलाला विषयाचं कुंपण नव्हतं. सहकाऱ्यांसोबत केलेल्या या कामाचा पहिला निबंध 1999 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आणि पुढचा 2002 मध्ये ‘अॅनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात आला.

प्रयोगाची आखणी मला फार सुंदर वाटते. माणूस हाच शत्रू समजायचा आणि त्याला घरट्यापासून ठरावीक अंतरावर उभं करायचं. एकदा अशा जागी, जिथून बिळाचं तोंड दिसतं. एकदा तेवढ्याच अंतरावर, पण मध्ये आडोसा आल्यामुळे तोंड दिसत नाही अशा जागी. बाहेर बसलेल्या पक्ष्याला मात्र दोन्ही वेळा माणूस दिसतोच. माणसाची नुसती भीती असती, तर पक्षी दोन्ही वेळा सारखाच वागला असता. तसं झालं नाही. माणसाला बीळ दिसत असताना पक्षी आत जायला कचरत, दिसत नसताना अधिक सहज शिरत.

यातली मेख अशी, की ‘मला माणूस दिसतो का’ या प्रश्नावर इथे भागत नाही. ‘त्या माणसाला तिथून माझं बीळ दिसत असेल का’ याचा काहीतरी अंदाज पक्ष्याला बांधावा लागतो. दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहण्यासारखंच हे झालं. ही ताकद माणसाबाहेर कोणात आहे, हा वाद मानसशास्त्रज्ञ प्रीमॅक आणि वुडरफ यांनी 1978 मध्ये चिंपांझींबद्दल छेडला होता. पुढे 1996 मध्ये पोव्हिनेली आणि एडी या संशोधकांच्या प्रयोगांत तरुण चिंपांझी डोकं झाकलेल्या माणसापुढेही खाऊसाठी हात पसरताना दिसले. त्यांच्यापुढे हा एवढासा राघू! अर्थात त्याच्या मनात आपल्यासारखे विचार चालतात, असं यावरून सिद्ध होत नाही. जागा, आडोसा आणि नजर यांचा मेळ घालणारी एखादी साधी युक्तीही त्यामागे असू शकेल. मला ती युक्तीसुद्धा थोर वाटते.

घरट्यांवर अशी नजर ठेवणं आपल्या भागाला नवं नाही. बेळगावला पक्षी-निरीक्षणाचा जुना वारसा आहे. 1879-80 च्या सुमारास इथल्या छावणीतले कॅप्टन बटलर पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांच्या तारीखवार नोंदी ठेवत. पक्षी-अभ्यासक ह्यूम यांच्या भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवरील ग्रंथात बेळगावचं नाव पुन्हा पुन्हा येतं, ते त्यांच्यामुळे. त्या काळी अंडी गोळा करणं हाच अभ्यास होता. वाटव्यांच्या प्रयोगात घरट्याला हातही लावावा लागला नाही. लागली ती चिकाटी, घड्याळ आणि वही.

म्हणून हे काम आपल्या भागातल्या शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यातलं आहे. चोचीत चतुर घेतलेला राघू तारेवर शेपटी हलवत बसलाय, बिळाकडे झेपावतो आणि तोंडाशी येऊन माघारी फिरतो, असं दिसलं की घरटं जवळ आहे आणि आपण चुकीच्या जागी उभे आहोत, हे ओळखावं. विचारण्याजोगे प्रश्नही पुष्कळ आहेत. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेला, माणसांच्या वर्दळीत वाढलेले राघू आणि आडरानातल्या ओढ्यावरचे राघू माणसाच्या नजरेला सारखेच बिचकतात का? रोज त्याच बांधावरून जाणाऱ्या शेतकऱ्यापुढे ते वेगळं वागतात का?

नोंदी घेताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवं. आपण बिळासमोर उभे असेपर्यंत खेपा अडतात आणि आत पिल्लं उपाशी राहतात. तेव्हा मोजकी मिनिटंच थांबावं आणि उन्हं चढायच्या आत तिथून निघावं.