बत्तिसाव्या भागाची वाघीण

सकाळी ६. नगर स्टेशनच्या फलाटावर. मालगाडीची वाघीण बघायला ही वेळ उत्तम, कारण ऊन तिरपं असतं. बाजूच्या पत्र्यावरच्या उभ्या पट्ट्यांची सावली पडते आणि कुठला भाग किती बाहेर आलाय ते फोटोत नीट कळतं. दौंड–मनमाड मार्ग १८७८ सालचा. या मार्गावर मालगाड्यांना तोटा नाही, पण सावकाश बघता येईल अशी उभी गाडी रोज मिळत नाही. आज लूपवर बॉक्सएन वाघिणींचा रिकामा रेक आहे. बॉक्सएन म्हणजे कोळसा वाहणारी, वरून उघडी, उंच भिंतींची, तांबूस तपकिरी वाघीण. नाव ठाऊक नसलं तरी फाटकावर खोळंबलेल्या प्रत्येकाने ती पाहिलेली असते.

या वाघिणीची बत्तिसाव्या भागातली मॉडेल-किट करतोय. मापं माझ्याकडे आहेत. कपलिंगपासून कपलिंगपर्यंत १०,७१३ मिलिमीटर, रुंदी ३,२००, रुळापासून उंची ३,२२५, दोन बोगींच्या (खालच्या चाकगाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर ६,५२४. इथे येतो ते ड्रॉइंगमध्ये नसलेल्या गोष्टींसाठी: पत्र्याला कुठे पोचे पडतात, गंज कुठून ओघळतो, कोळशाची काळपट धूळ कुठल्या कोपऱ्यात बसते. रुळांत उतरायचं नाही, फलाटावरून झूम करायचं.

सव्वासात. चहा, आणि टेबलावर कालचाच वाद. वाद माझा माझ्याशीच आहे, पण या किटमधलं खरं डिझाइन त्यातच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

बागेत किंवा गच्चीवर चालवायच्या मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेसाठी जगात मुख्यतः दोन रुंदींचे रूळ तयार मिळतात, ३२ मिलिमीटर आणि ४५ मिलिमीटर. माथेरानची गाडी करायची असती तर प्रश्नच नव्हता. तिचा रूळ ६१० मिलिमीटरचा, त्याचा एकोणिसावा भाग जवळजवळ ३२. जुन्या बार्शी लाइट रेल्वेचा रूळ ७६२ चा, चोविसावा भाग काढला की पुन्हा ३२ च्या जवळपास. मीटर गेजला बावीस-साडेबावीसावा भाग घेतला की ४५ मिळतात. सगळे छोटे रूळ सुतासारखे जुळतात. अडतो तो आपला ब्रॉडगेज. १,६७६ मिलिमीटरचा बत्तिसावा भाग ५२.४ येतो, आणि त्या रुंदीचा रूळ कुठल्याच दुकानात नाही. ४५ चा रूळ बत्तिसाव्या मापात युरोपातल्या स्टँडर्ड गेजसाठी आहे.

हे दुखणं लहान मापातही आहे. सत्याऐंशीव्या भागात ब्रॉडगेज १९.३ मिलिमीटर व्हायला हवा, पण तयार रूळ १६.५ चा असतो. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथलं सगळं विश्व या सत्याऐंशीव्या मापातलं. त्या मापात पावणेतीन मिलिमीटरची चोरी खपून जाते. बत्तिसाव्या मापात मात्र ७.४ मिलिमीटर कमी पडतात आणि समोरून पाहिलं की रुंद अंगाची वाघीण बारीक पायांवर तोलल्यासारखी दिसते.

मग माप बदलून सदतिसावा भाग घ्यावा का? रूळ जुळतो. पण १,००० मिलिमीटरच्या चाकाचं २७ होतं, आणि तयार मिळणारं चाक ३१ चं, जे बत्तिसाव्या मापाला चपखल बसतं. शिवाय सदतिसाव्या मापात दुसरं कुणी काही बनवत नाही. तशी वाघीण एकटीच राहील.

साडेआठ. निर्णय झाला. माप बत्तिसावाच. बोगीच्या बाहेरच्या चौकटी खऱ्या जागी ठेवायच्या. खऱ्या बोगीत बेअरिंगच्या मध्यांमधलं अंतर २,२६० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ७०.६. चाकं मात्र आतल्या बाजूला ३.७ मिलिमीटर सरकतील. चौकटीमागच्या अंधारात ते कुणाला दिसत नाही. ज्याला खरा ब्रॉडगेज रूळ स्वतः टाकायचा आहे त्याच्यासाठी वेगळ्या ॲक्सलचा संच. खोटं बोलायचंच असेल तर नजर पोचत नाही तिथे बोलावं. किटचं निम्मं काम हेच, असं माझं मत आहे.

दहा. नागापूर एमआयडीसी, लेझर कटिंगचं शेड. ऑपरेटरने फाइल उघडली. "सर, परवाच्याच सेटिंगवर काढू ना?"

"आधी शीट मोजू."

दोन मिलिमीटरची म्हणून आलेली ॲक्रिलिक शीट व्हर्नियरवर १.८ भरली. दुकानातला 'दोन' असाच असतो. त्यात लेझरची किरणरेषा स्वतःची म्हणून दीड-दोन दशांश मिलिमीटर खाते. ड्रॉइंगमध्ये खाच आणि खुंटी दोन्ही नेमक्या दोनच्या काढल्या तर जोड डुगडुगतो. म्हणून शीट बदलली की खाचा पुन्हा काढायच्या. कंटाळवाणं काम, पण टाळलं तर गिऱ्हाइकाच्या हातात गुण्या लावूनही डबा काटकोनात येत नाही.

या वाघिणीने एक उपकार केलाय. बाहेरची रुंदी ३,२००, आतली २,९५०. फरक दोन बाजूंत वाटला की प्रत्येकी १२५, म्हणजे बत्तिसाव्या भागात ३.९. भिंतीची एक शीट आणि पट्ट्यांची दुसरी, असे दोन थर चिकटवले की जवळपास तेवढंच होतं. खऱ्या पत्र्याची जाडी या मापात कागदाएवढी व्हायला हवी, ती करता येत नाही. पण वरच्या काठावर खऱ्या वाघिणीलाही जाड कड असते, आणि आत कोळसा भरला की भिंतीची जाडी बघणार कोण?

कटिंग चालू असताना एक जण पीव्हीसीचा फोम कापून मागायला आला. ऑपरेटरने हात जोडले. पीव्हीसी लेझरने जाळलं की क्लोरीनचे घातक वायू निघतात, माणसाची छाती आणि मशीनचं लोखंड दोन्ही खातात.

एक. जेवण. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं.

दोन. ओतकाम. बोगीची चौकट स्प्रिंगांसकट सपाट शीटमधून निघत नाही. तिचा एक नमुना थ्री-डी प्रिंटरवर काढून, पॉलिश पेपरने घासून, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेतलाय. तो काल ओतला होता. रबराला रात्रभर तरी बसू द्यावं लागतं. आता त्यात दोन भागांचं रेझिन मिसळून ओतायचं. नगरच्या उन्हात ते डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच घट्ट व्हायला लागतं, म्हणून उन्हाळ्यात बाटल्या माठाशेजारी ठेवतो आणि थोडंथोडंच मिसळतो. उंचावरून बारीक धार धरायची, म्हणजे हवेचे बुडबुडे वाटेतच फुटतात. तरीही स्प्रिंगच्या वेटोळ्यात एखादा अडकतोच. तो भाग बाजूला टाकायचा, लांबी भरून खपवायचा नाही.

साडेचार. परीक्षा. शेजारची नववीतली मुलगी येते. तिच्यापुढे भाग आणि सूचनापत्रक ठेवायचं आणि आपण गप्प बसायचं. स्वतःसाठी मॉडेल करणाऱ्याला अडलं तर तो कानस उचलतो. किट बनवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कानस उचलता येत नाही. म्हणून दोन टोकांच्या भिंतींच्या खुंट्या मुद्दाम कमीजास्त रुंदीच्या ठेवल्यात. भाग उलटा बसताच कामा नये.

"काका, बोगी लावल्यावर हा ब्रेकचा दांडा आत जातच नाहीये."

पाचवी पायरी तिसरी झाली.

"आणि आत खरा कोळसा घातला तर चालेल?"

चालेल. बारीक कुटून, चाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यावर. त्याने वजनाला हातभारही लागतो. खरी रिकामी बॉक्सएन २२.४७ टनांची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बत्तीस पट कमी केल्या की वजन ३२,७६८ पट कमी होतं, म्हणजे ६८६ ग्रॅम. ॲक्रिलिकचा डबा त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. हलकी वाघीण वळणावर रूळ सोडते, त्यामुळे तळाखाली लोखंडी पट्टी द्यावीच लागते.

सात. नंबरांची शीट. भारतीय वाघिणीचा नंबर अकरा आकडी: पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या सालाचे, चार क्रमांकाचे आणि शेवटचा ताळ्याचा. सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तिप्पट करायची, विषम स्थानांवरच्या पहिल्या पाच आकड्यांची बेरीज तिच्यात मिळवायची. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. मनाला येईल तो नंबर छापला तर शंभरातले नव्वद पाहणारे काही म्हणणार नाहीत. पण जे दहा जण ही किट विकत घेतात ते नेमके ताळा करून बघणारे असतात.

नऊ. खोकी भरणं. तळाशी भिंती, मध्ये बोगी, वर सूचनापत्रक, पायऱ्यांचा नवा क्रम लावलेलं. गच्चीवर स्वतःचा ५२.४ चा रूळ टाकतोय असं एका गिऱ्हाइकाने कळवलंय. त्याच्या खोक्यात रुंद ॲक्सल घातले आणि बाहेर निळ्या पेनाने 'ब्रॉडगेज' लिहिलं, म्हणजे उद्या कुरियरला देताना अदलाबदल व्हायची नाही.