वाघ बघितला, स्तूप राहिला!

पवनी म्हटलं की आपल्या ग्रुपमध्ये एकच शब्द निघतो: वाघ. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये झालं, ‘जय’ नावाचा तगडा वाघ स्टार झाला आणि २०१६ मध्ये गायबही झाला. जिप्सींची रांग मात्र हटली नाही. सकाळी सफारी, दुपारी गोसीखुर्द धरणावर फोटो, रात्री घरी. भंडारा जिल्ह्याचा वीकएण्ड संपला! मी यावेळी जिप्सीला टाटा केला आणि पवनी गाव पायी पालथं घातलं.

गावात दगडी जवाहर दरवाजा आहे. आजूबाजूचा मातीचा उंचवटा बघून कुणालाही वाटेल, असेल कसला तरी बांध. पण बॉस, तो प्राचीन नगराचा तट आहे! तीन बाजूंना तट आणि खंदक, चौथीला वैनगंगा. सिक्युरिटीचा फंडा एकदम क्लिअर.

खरी गंमत जगन्नाथ टेकडीची. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६९-७० मध्ये इथे खोदकाम केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या या उत्खननात बौद्ध स्तूप निघाला. मौर्यकाळातला, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. व्यास सुमारे ३८ मीटर. सांचीचा मोठा स्तूप साधारण साडेछत्तीसचा! आणि जवळच्या सुलेमान टेकडीत दुसरा स्तूप आहेच.

इथल्या कठड्याच्या दगडांवर चित्रं आहेत, ब्राह्मी लेख आहेत. एका ठिकाणी मुचलिंद नाग बुद्धाच्या रिकाम्या आसनावर फणा धरून आहे, खाली त्याचं नावही कोरलंय. मला जास्त भिडली ती देणगीदारांची नावं. विसमिता नावाच्या कुणा बाईने दान दिलं आणि त्याबरोबर सगळ्या प्राण्यांना सुख मिळो, असं लिहून ठेवलं. राजाबिजा नाही, साधी माणसं.

सांची १९८९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. पवनी मात्र आपल्या ट्रिपच्या यादीतही नाही. सांचीसारखी उभी तोरणं इथे नाहीत, त्यामुळे थोडं वाचून जा, नाहीतर टेकडी बघून परत याल. पवनीचा रुपिअम्माचा स्मृतिस्तंभ नागपूरच्या अजब बंगल्यात आहे. माझं स्पष्ट मत आहे की, या वस्तू जिथल्या तिथेच बघायला मिळायला हव्यात. त्याशिवाय तिथल्या पोरांना आपल्या गावाचा भाव कसा कळणार?

किल्लाच हवा असेल तर तुमसरजवळचा आंबागड गाठा. साधारण १७०० च्या सुमाराचा, गोंड राजा बख्तबुलंदच्या काळातला. पुढे भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. चढायला दमदार आहे, पण तो दिवस वेगळा काढा.

नागपूरहून पवनीला उमरेड-भिवापूरमार्गे दोनेक तास लागतात. भिवापूरची मिरची घ्यायला विसरू नका. एप्रिल-मे टाळा, ऊन डोकं फिरवतं. आणि अजब बंगला सोमवारी बंद असतो, तेव्हा तो रविवारीच उरका.