कराची थकबाकी निघाली, वकील कधी गाठायचा?

आयकर खात्याची ‘डिमांड’, म्हणजे थकीत कराची मागणी, आली की काही जण घाबरून वकिलाकडे धावतात, तर काही जण नोटीस कपाटात टाकून देतात. जास्त नुकसान या दुसऱ्या गटाचं होतं. रक्कम भरायला साधारण 30 दिवस मिळतात. ते उलटले की दरमहा 1 टक्का व्याज लागतं, आणि महिन्याचा एक दिवस गेला तरी अख्खा महिना धरतात. अपिलाची मुदतही 30 दिवसांचीच आहे.

‘प्रत्येक मागणीला वकील हवाच’ असं नाही. पगारदारांच्या कितीतरी मागण्या टीडीएस न जुळल्यामुळे निघतात. मालकाने दिलेला फॉर्म 16 आणि आयकर पोर्टलवरचं 26एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) शेजारी ठेवून तिमाहीनिहाय आकडे ताडून बघा. मालकाने पगारातून कर कापला, पण सरकारात भरलाच नाही, असं दिसलं तर हादरू नका. कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली स्पष्ट केलं आहे. पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून पोर्टलवर मागणी अमान्य असल्याचं कळवा. एवढं काम घरबसल्या होतं.

‘वकील सेटिंग करून रक्कम निम्म्यावर आणतो’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. आयकरात अशी घासाघीस होत नाही. तडजोड आयोग होता, तो 2021 मध्ये बंद झाला. कराचे वाद मिटवण्याच्या ‘विवाद से विश्वास’ योजनेत व्याज आणि दंड माफ झाले, पण अपिलात गेलेल्या बहुतेक करदात्यांना वादातला कर पूर्ण भरावाच लागला. कर मान्य असेल आणि हातात पैसे नसतील, तर हप्ते मागता येतात. खरोखर अडचण असेल, तर व्याजमाफीचा अर्जही करता येतो. निम्म्या रकमेची हमी देणाऱ्याच्या दारातून सरळ परत फिरा.

‘अपील केलं की वसुली थांबते’ हेही खरं नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि त्यासाठी साधारणपणे वादातल्या रकमेच्या 20 टक्के भरावे लागतात. स्थगिती नसेल तर बँक खात्यावर जप्ती येऊ शकते. रक्कम मोठी असेल, कायद्याचा मुद्दा असेल किंवा जप्ती दारात आली असेल, तर जाणकाराची फी वाचवू नका. आयकर अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत सीएसुद्धा बाजू मांडू शकतात. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो.

काम दुसऱ्याकडे सोपवलं तरी देणं तुमच्याच नावावर राहतं. अनेकांच्या पोर्टलवर सल्लागाराचाच मोबाइल आणि ईमेल असतो. नोटीस त्याच्याकडे जाते आणि मुदत इकडे संपून जाते. आजच लॉगिन करून प्रोफाइल उघडा आणि तिथे स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल टाका.